तळटीप : खुब्यातली गाठ

* घाटी : छत्रपती संभाजीनगरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय (स्थापना 1956). पूर्ण नाव मराठवाड्यात सहसा कोणी घेत नाही.

मजकुरात वाद होतो तो क्लिअर सेल कॉन्ड्रोसार्कोमाच्या फिल्मवरून. कूर्चेचा हा दुर्मीळ कर्करोग अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या के. कृष्णन उन्नी आणि सहकाऱ्यांनी 1976 साली 16 रुग्णांवरून स्वतंत्र प्रकार म्हणून नोंदवला.

नेहमीचा कॉन्ड्रोसार्कोमा एक्स-रेवर तुलनेने लवकर ओळखू येतो : मक्याच्या लाह्या विखुरल्यासारखे चुन्याचे ठिपके. हा मात्र साळसूद. मांडीच्या किंवा दंडाच्या हाडाच्या अगदी टोकाला, सांध्याला खेटून बसतो, सावकाश वाढतो आणि भोवती बारीक पांढरी कडही बाळगतो. अशी कड बहुधा निरुपद्रवी गाठींना असते, त्यामुळे जाणकारही त्याला कॉन्ड्रोब्लास्टोमा ही निरुपद्रवी गाठ समजून मोकळे होतात.

इथे रुग्णाचे वय कामी येते. कॉन्ड्रोब्लास्टोमा बहुतेक विशीच्या आतबाहेरचा, तर हा साधारण 25 ते 50 या वयातला. एमआरआयवरही फरक दिसतो. कॉन्ड्रोब्लास्टोमाभोवती मज्जेत सूज लांबवर पसरते; याच्याभोवती ती जेमतेम असते, कधी नसतेच. सीटीवर आतले चुन्याचे कण स्पष्ट होतात. निकाल अर्थात बायॉप्सीचाच.

गाठ नुसती खरवडली तर ती पुन्हा उद्भवण्याची भीती मोठी, म्हणून हाडाचा तेवढा भाग अखंड काढतात. फुप्फुसात किंवा दुसऱ्या हाडात ती दहा-दहा वर्षांनीही डोके वर काढते. मजकुरातला ‘दरवर्षी फोटो’ तो यासाठी.