जाम बसलेली पुली आणि तिचा इतिहास

आजचा विषय ऐकून काही जणांना हसू येईल. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांनी मोटारीच्या अडकलेल्या पुलीवर काय बोलावं? पण इतिहास जसा दप्तरखान्यात असतो तसा गॅरेजातही असतो.

इंजिनाच्या पुढच्या टोकाला क्रँकशाफ्टवर एक पुली असते. तिच्यावरून पट्टा जातो आणि अल्टरनेटर वगैरे फिरवतो. आतलं ऑइल सील गळू लागलं किंवा टायमिंग बेल्ट बदलायचा झाला, की बहुतेक इंजिनांत ही पुली काढावी लागते. मधला बोल्ट मोठ्या कष्टाने सुटतो, पुली मात्र हलत नाही. मिस्त्री म्हणतो, "जाम झालीय." आपला प्रश्न असा: ती जाम झाली, की मुळात जामच बसवली होती?

उत्तरासाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्लंडमध्ये जाऊ. मोटार बनवणारे तेव्हा चार सिलिंडरांवरून सहाकडे वळत होते. सहा सिलिंडरांचं इंजिन अधिक नितळ चालेल, हा हिशोब बरोबरच होता. पण त्यासाठी क्रँकशाफ्ट लांब झाला, आणि लांब शाफ्टला पीळ पडतो. प्रत्येक स्फोटाबरोबर तो पिळला जातो, सुटतो, पुन्हा पिळला जातो. झोपाळ्याला वेळेवर दिलेला हलका झोकाही त्याला उंच नेतो ना? तसंच एका ठराविक वेगाला स्फोटांची लय शाफ्टच्या स्वतःच्या लयीशी जुळते, आणि पोलाद मोडतं. रोल्स-रॉइसच्या ३० अश्वशक्तीच्या सहा सिलिंडर गाडीचे शाफ्ट असेच मोडले. हेन्री रॉइस यांनी पुढच्या गाडीसाठी, म्हणजे १९०६ च्या ४०/५० साठी, शाफ्टची घडणच बदलली.

डेमलर कंपनीलाही हाच त्रास होता. तिचे सल्लागार फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९१० मध्ये एका उपायाचं पेटंट घेतलं. शाफ्टच्या मागच्या टोकाला जड फ्लायव्हील असतं, म्हणून थरथर सर्वात जास्त पुढच्या टोकाला. तिथेच त्यांनी एक छोटं चाक बसवलं, पण ते तेलातल्या चकत्यांमधून घसरू शकेल असं. शाफ्ट शांत फिरला की चाक बरोबर फिरतं. शाफ्ट थरथरला की चाक मागे-पुढे घसरतं, आणि थरथर घर्षणात, उष्णतेत विरून जाते. रॉइस यांनीही असा उपाय स्वतंत्रपणे शोधला होता, त्यामुळे श्रेयाचा वाद झाला. तो आज बाजूला ठेवू.

पुढे चकत्यांची जागा रबराने घेतली. आज अनेक गाड्यांची पुली म्हणजे हेच चाक असतं: आत हब, बाहेर जड कडं, मध्ये रबराचा पट्टा. यातली गंमत पाहा. बाहेरचं कडं थोडं सैल हवं, पण आतला हब शाफ्टशी एकजीव हवा, नाहीतर थरथर कड्यापर्यंत पोचणारच नाही. म्हणून काही इंजिनांत हबचं भोक शाफ्टपेक्षा किंचित लहान ठेवून तो दाबून बसवतात. काहींत तो चावीच्या खाचेवर सरकवून बोल्टने आवळतात. तिथे उरलेलं काम गंज करतो.

न्याय-वैशेषिकांनी दोन संबंध सांगितले आहेत. संयोग, जो तुटू शकतो. आणि समवाय, जो वस्तू टिकवून तोडता येत नाही, जसं सूत आणि वस्त्र. जाम पुली समवायासारखी वाटते, पण असतो तो संयोगच. हे ज्याला कळलं तो हातोडा उचलत नाही. तो हबवरच्या आटे पाडलेल्या भोकांत पुलरचे बोल्ट घालतो, मधला स्क्रू शाफ्टच्या टोकावर टेकवतो आणि सावकाश आवळतो. आधी गंज सुटण्याचं तेल सोडून थांबतो. घाई करणारा पुलरचे पंजे बाहेरच्या कड्याला लावतो. मग निघतं ते कडं. रबर फाटतं, हब जागेवरच. दिव्याची आंच दिली तरी बळी रबराचाच.

आणि याहून वाईट म्हणजे, फाटकं रबर तसंच परत बसवलं तर गाडी चालते. फक्त शंभर वर्षांपूर्वीची ती थरथर शाफ्टमध्ये परत येते, आणि कोणाला ऐकू येत नाही. जुन्या प्रश्नाचं उत्तर काढून टाकलं, की प्रश्न नाहीसा होत नाही. तो वाट पाहतो.

इथे थांबू. प्रश्न विचारा.