हुलग्याचे माडगे

माण, खटाव, आटपाडी, जत या सातारा-सांगलीच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात हलक्या जमिनीवर, अपुऱ्या पावसातही हाती लागणारे कडधान्य म्हणजे हुलगा. कोकणात त्यालाच कुळीथ म्हणतात. तापातून उठलेल्या, तोंडाची चव गेलेल्या माणसाला येथे त्याचे माडगे पाजण्याची रीत आहे.

हुलगे निवडून मंद आचेवर खरपूस भाजावेत व गार झाल्यावर दळून आणावेत. भाजणे कच्चे राहिले तर माडगे उग्र लागते आणि पचायलाही जड जाते. दोन चमचे पीठ अर्धी वाटी गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवावे. दोन वाट्या पाण्यात ठेचलेला लसूण, आले, जिरे व मीठ घालून उकळी आणावी, मग कालवलेले पीठ धार धरून सोडावे आणि ढवळत दहा मिनिटे शिजवावे. लसूण वगळून गूळ व सुंठ घातलेले गोड माडगेही करतात. ते ऊन ऊनच प्यावे. निवले की घट्ट होते.

आयुर्वेद हुलगा उष्ण व पित्तकर मानतो. अम्लपित्त वा पोटातील व्रणाचा त्रास असलेल्यांनी म्हणून मुगाचे पातळ कढण घ्यावे. चरकसंहितेतील संसर्जनक्रमातही आधी पेया, मग विलेपी आणि त्यानंतर यूष येते. तेही प्रथम अकृत, म्हणजे स्नेह-मसाल्याविना. घरोघरच्या आजीबाई हा क्रम ग्रंथ न उघडताच पाळत आल्या! मात्र जुलाबांनी मूल मलूल झाले, लघवी कमी झाली, तर कढणावर विसंबू नये. जलसंजीवनी देत तातडीने डॉक्टरांकडे न्यावे.