गिरणगावाचा रविवार

धकाधकीतही प्रसन्न राहायचे तर वृत्ती बदला, असा सल्ला आज सर्रास मिळतो. मुंबईच्या गिरणी कामगारांचा इतिहास मात्र वेगळेच सांगतो: आधी चार घटका मोकळ्या हाती याव्या लागतात. १८८४ साली कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी सभा भरवून मांडलेल्या मागण्या पाहा. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पगार पंधरा तारखेपर्यंत. भाकरी खायच्या अर्ध्या तासासाठीही अर्ज करावा लागत होता, यातच सारे आले.

मोकळ्या वेळेतली भजन आणि तालीम तर रविवारच्या सुट्टीआधीही होतीच की, असे कोणी म्हणेल. होती, गावाकडून आलेला माणूस ती सोबतच घेऊन आला. पण त्यासाठीचा वेळ झोपेतूनच काढावा लागे, आणि अशी हौस फार दिवस टिकत नाही. सुट्टी मालकांच्या उदारपणामुळे मिळाली, हेही पटत नाही. एप्रिल १८९० मध्ये सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली, तीत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. त्यानंतर, १० जून १८९० रोजी, मालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली.