ई-ग्रंथालय सेवा, ठाणे व कल्याण-डोंबिवली

ठाणे व कल्याण येथील मुंबई विद्यापीठाची उपकेंद्रे आणि या पट्ट्यातील महाविद्यालये यांच्या ग्रंथालयांतून मिळणारी इलेक्ट्रॉनिक माहितीसेवा. संगणकीय तालिका (ओपॅक), ई-नियतकालिके, ई-पुस्तके, प्रबंधांचे भांडार व घरबसल्या लॉगिनची सोय हे तिचे मुख्य भाग.

विद्यापीठाचा जुना ग्रंथसंग्रह फोर्टमधील राजाबाई टॉवरच्या इमारतीत आणि कालिन्याच्या जवाहरलाल नेहरू ग्रंथालयात आहे. डोंबिवलीहून कालिन्याला जायचे तर गर्दीची लोकल, कुर्ल्याला उतरून पुन्हा बस किंवा रिक्षा. एका संदर्भासाठी अर्धा दिवस जातो. त्यामुळे इथे नव्या तंत्रज्ञानाचा खरा लाभ प्रवास वाचण्यात आहे, चकचकीत संगणककक्षात नाही.

सुरुवात बहुतेक ठिकाणी देवघेवीपासून झाली. दाखल नोंदवही संगणकावर चढली, पुस्तकांना बारकोड लागले. १९९१ मध्ये स्थापन झालेल्या इन्फ्लिबनेट या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ग्रंथालय-जाळे केंद्राची ‘सोल’, पुण्यात तयार झालेली ‘स्लिम’ आणि विनामूल्य ‘कोहा’ या महाराष्ट्रातील महाविद्यालयांना परिचित आज्ञावल्या आहेत. हा टप्पा तुलनेने सोपा होता.

अडचण नियतकालिकांपाशी होती. विद्यापीठाने वर्गणी भरलेली ई-नियतकालिके प्रामुख्याने आवारातील संगणकांवरूनच उघडत. संलग्न महाविद्यालयातील विद्यार्थ्याला त्यांचा उपयोग नसे. इन्फ्लिबनेटच्या ‘एन-लिस्ट’ या महाविद्यालयांसाठीच्या ई-साधन योजनेने ही अट मोडली. तिच्यात प्रत्येक वाचकाला स्वतंत्र खाते मिळते आणि ते घरूनही चालते. अनुदानित महाविद्यालयांसाठी तिची वार्षिक वर्गणीही बेताची आहे. वापर मात्र वर्गणीच्या मानाने कमी दिसतो. महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या (राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद) मूल्यांकनात ग्रंथालयाचे संगणकीकरण व ई-साधनांची वर्गणी पाहिली जाते. मूल्यांकन जवळ आले की लॉगिनची आठवण होते, हेही खरे.

केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘एक राष्ट्र एक वर्गणी’ योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद असून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके तीत येतात. १ जानेवारी २०२५ पासूनच्या पहिल्या टप्प्यात केंद्र व राज्य शासनांच्या व्यवस्थापनाखालील उच्चशिक्षण संस्थांना लाभ देण्यात आला. ठाणे-कल्याणातील बहुतेक महाविद्यालये मात्र विद्या प्रसारक मंडळासारख्या (स्थापना १९३५) खासगी शिक्षणसंस्थांची आहेत. म्हणून एन-लिस्टचे महत्त्व ओसरलेले नाही.

मराठीची बाजू दुबळी आहे. जुन्या नोंदी रोमन लिपीत किंवा युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असल्या की देवनागरीत शोधलेले पुस्तक कपाटात असूनही तालिकेत सापडत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनंतर प्रबंध ‘शोधगंगा’ या ऑनलाइन प्रबंध-भांडारात येऊ लागले; पण प्रबंधाची पाने केवळ छायाचित्रे म्हणून चढवली असतील तर आतल्या मजकुरात शब्दशोध चालत नाही. मराठीच्या अभ्यासकाला आजही ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय (१८९३) किंवा कल्याणचे सार्वजनिक वाचनालय (१८६४) गाठावे लागते. विज्ञान व वाणिज्य शाखांना ही सेवा पुरेशी म्हणता येईल, मराठीला नाही.

एन-लिस्टचे खाते महाविद्यालयामार्फतच उघडले जाते. प्रवेश झाल्याबरोबर ते ग्रंथपालांकडून मागून घ्यावे.