जुने गुरू आणि नवी रचना

परभणीच्या श्रोत्यांपुढे ‘पियानोचा सोनाटा’ हा विषय मांडावा, याचे काहींना नवल वाटेल. पियानो आपल्याकडे फारसा कोणी पाहिलेला नाही. पण भजनाच्या पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या सर्वांच्या ओळखीच्या आहेत, आणि ती पेटीही युरोपातूनच आपल्याकडे आली. शिवाय आम्हाला विचार करावयाचा आहे तो वाद्याचा नव्हे. थोरांनी घालून दिलेल्या वाटेने जाऊन नवी रचना कशी होते, आणि झालेली रचना लोकांत टिकते कशी, हा आमचा प्रश्न आहे. तो प्रश्न व्हिएन्नाचा आहे, तसाच गंगाखेडचाही आहे.

प्रथम सोनाटा म्हणजे काय ते पाहू. हा शब्द इटालियन असून त्याचा मूळ अर्थ ‘वाजविलेले’ असा आहे. गायिले जाते ते ‘कांताता’. अठराव्या शतकात हायडन व मोझार्ट यांच्या हाती या रचनेला घाट आला. सोनाट्याचे बहुधा तीन किंवा चार भाग असतात. पहिल्या भागात एक स्वरवाक्य मूळ षड्जावर मांडतात, व दुसरे वेगळ्या षड्जावर, पुष्कळदा पंचमालाच षड्ज मानून. मग दोहोंची मोडतोड, विस्तार, झटापट चालते आणि शेवटी दोन्ही वाक्ये मूळ षड्जावर घरी परततात. आपला गवई स्थायी भरतो, अंतऱ्याला वर जातो, ताना घेतो आणि मुखडा पकडून समेवर येतो. दोन्हींचे नियम अगदी निराळे आहेत. तथापि घरून निघून घरी परतण्याची ओढ दोन्हीकडे सारखीच आहे.

या घाटात नवे करणाऱ्यांपैकी बेथोव्हेनचे उदाहरण बोलके आहे. जन्म १७७०, मृत्यू १८२७. १७९२ साली तो व्हिएन्नाला हायडनकडे शिकावयास आला. १७९६ साली त्याने पियानोचे तीन सोनाटे एकत्र छापले आणि ते गुरूला अर्पण केले. त्यांचा घाट हायडनचा. परंतु गुरूच्या पियानो-सोनाट्यांत बहुधा तीन किंवा त्याहूनही कमी भाग असत, तेथे शिष्याने प्रत्येकी चार केले. गुरूचे नाव मुखपृष्ठावर आणि शिष्याची धिटाई आतल्या पानांवर, असा हा प्रकार आहे. हे तीन धरून क्रमांक लावलेले असे एकूण बत्तीस सोनाटे त्याने लिहिले.

आता दुसरे उदाहरण घ्या. शुबर्ट हा बेथोव्हेनचा निस्सीम भक्त. १८२७ साली बेथोव्हेनच्या अंत्ययात्रेत मशाल घेऊन तो चालला होता. पुढच्याच वर्षी सप्टेंबरात त्याने पियानोचे तीन मोठे सोनाटे पुरे केले आणि नोव्हेंबरात, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, तो वारला. हे सोनाटे छापले गेले १८३९ साली. म्हणजे अकरा वर्षे ते हस्तलिखितातच पडून होते. ते कागदावर उतरलेले होते म्हणून वाचले. पण रचणाऱ्याच्या आयुष्यात ते जगापुढे आले नाहीत. लिहून ठेवणे ही एक गोष्ट आणि ते लोकांनी आपलेसे करणे ही दुसरी, हा भेद येथे ध्यानात ठेवावा.

हा युरोपीय घाट आपल्या देशात रुजला तो गोव्यात. पोर्तुगीज अमलात चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचावयास व व्हायोलिन वाजवावयास शिकवीत. यांतील पुष्कळ वादक पोटासाठी मुंबईस आले आणि बोलपटांच्या वाद्यवृंदात स्थिरावले. साष्टीतील माजोर्डे गावचे अँथनी गोन्साल्विस (जन्म १९२७) हे त्यांतलेच. त्यांच्यापाशी व्हायोलिन शिकलेल्यांत प्यारेलाल व राहुलदेव बर्मन होते. गोन्साल्विस यांनी १९५८ साली मुंबईत ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ उभा केला. रागांना वाद्यवृंदाचा घाट द्यावा, हा त्यांचा ध्यास होता. ‘सोनाटिना इंडियाना’, म्हणजे ‘हिंदी छोटा सोनाटा’, ही त्यांची एक रचना. सारंग रागावर आधारलेला व्हायोलिनचा काँचेर्तोही त्यांनी रचला. लता मंगेशकर व मन्ना डे त्यांच्या वाद्यवृंदाबरोबर गायिले.

पुढे काय झाले? १९६५ साली गोन्साल्विस शिष्यवृत्तीवर अमेरिकेस, सिरॅक्यूज विद्यापीठाकडे गेले. नंतर ते गोव्यात परतले आणि २०१२ साली निवर्तले. ‘अमर अकबर अँथनी’ या १९७७ सालच्या चित्रपटातील गाण्यामुळे त्यांचे नाव घरोघर पोचले. प्यारेलाल यांनी आपल्या गुरूची आठवण तशी ठेवली. परंतु नाव ज्यांच्या तोंडी आहे, त्यांतील किती जणांनी ती ‘सोनाटिना’ ऐकली असेल? विद्या होती, घाट होता, कागदही होता. ती रचना पुन्हा पुन्हा मागणारा, वाजविणारा समाज मात्र तिच्या पाठीशी उभा राहिला नाही. वाद्यवृंदाला शेकडा माणसे लागतात, आणि ती पांगली की कागद मुका होतो.

याच्या उलट उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) हे मुंबईचे वकील. उस्तादांच्या कंठातील चिजा त्यांच्याबरोबरच मातीआड जातात, हे पाहून ते गावोगाव फिरले. जयपूरचे महंमद अली खाँ, रामपूरचे वझीर खाँ अशांपुढे शिष्य म्हणून बसले. मिळालेले धन सोप्या स्वरलिपीत लिहून त्यांनी ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत छापले. त्यांत सुमारे १८०० चिजा आहेत. आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, या संग्रहात त्यांच्या स्वतःच्या रचनाही आहेत. कोठे ‘चतुर’, कोठे ‘हररंग’ अशी मुद्रा घालून त्यांनी जुन्या ख्यालांच्या आणि ध्रुपदांच्या वळणावर नव्या बंदिशी बांधल्या. रागाची लक्षणे त्याच रागात गाऊन सांगणारी ‘लक्षणगीते’ रचली. १९२६ साली लखनौस संगीत महाविद्यालय निघाले, तेथे व पुढे अन्यत्र हजारो विद्यार्थ्यांनी ती कंठस्थ केली. येथे कागद आणि कंठ यांची गाठ पडली, म्हणून रचना तगली.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. नामदेवांचे मानले जाणारे नरसी १९९९ च्या मे महिन्यापर्यंत परभणी जिल्ह्यातच होते; आता ते हिंगोलीत आहे. जनाबाईंचा अभंग हा गुरूच्या घाटात केलेली नवी रचनाच आहे. छंद तोच, विठ्ठल तोच. पण दळण-कांडण करणाऱ्या बाईचा स्वर अगदी वेगळा. तिची नाममुद्रा अभंगातच गुंफलेली असते, आणि तिचे अभंग आजही नामदेवांच्या गाथेत छापतात. छापखाना येण्यापूर्वी पाचशे वर्षे हे अभंग वारीने, दिंडीने, कीर्तनाने जिवंत ठेवले. नामदेवांची ६१ पदे तर पंजाबात पोचून १६०४ साली सिद्ध झालेल्या ग्रंथसाहिबात रागवार बसली. रचना माणसांच्या पायांनी केवढा प्रवास करते, याचे याहून मोठे प्रमाण कोणते द्यावे?

ज्या जात्याभोवती जनाबाई गायिली त्या जात्याची परंपरा त्यानंतरही खंडली नव्हती. ओवीचा गळा आजीकडून आलेला, आणि शब्द त्या पहाटेचे, त्या बाईच्या सुखदुःखाचे. एकीने ओवी सांगावी, दुसरीने उचलावी, तिसरीने त्यात माहेरचे नाव घालावे. पिठाची गिरणी आली. जाते थांबले आणि त्याबरोबर नवी ओवी रचण्याचे ठिकाणच गेले. हेमा राईरकर व गी प्वातवां यांनी महाराष्ट्रभर हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, काही ध्वनिमुद्रित केल्या. त्यांत आपल्या ताडकळसचाही आवाज आहे. हे काम झाले नसते तर त्या बायांचे सोनाटे, आम्ही हा शब्द जाणूनबुजून वापरतो, कोणाला कळलेही नसते.

एवढ्या उदाहरणांवरून आमचा निष्कर्ष असा. थोरांच्या घाटात रचणे हे अनुकरण म्हणून हिणवण्यासारखे नाही. बेथोव्हेनने तेच केले, जनाबाईने तेच केले. घाट उसना घेता येतो. बोलणे स्वतःचे असावे लागते. परंतु रचना झाल्यावर तिला दोन आधार हवेत, एक नोंदीचा आणि एक मंडळींचा. नुसती नोंद असेल तर शुबर्टच्या कागदांसारखी वाट पाहावी लागते. नुसती मंडळी असतील तर ती पांगताच रचना जाते. जात्यावरच्या ओवीचे तेच झाले.

आपल्या गावोगावच्या भजनी मंडळांत आजही कोणी पेटीवाला जुन्या अभंगाला नवी चाल लावतो. शहरात तुराबुल हक यांच्या दर्ग्याच्या उरुसात कव्वाल जुन्या वळणावर नवा बोल बसवितो. या चाली कोण लिहून ठेवतो? भातखंड्यांची स्वरलिपी शाळकरी मुलालाही काही महिन्यांत येते, आणि ध्वनिमुद्रण तर आता खिशातल्या यंत्रावर होते. तेव्हा साधने नाहीत, ही सबब उरलेली नाही. उणीव आहे ती ऐकणाऱ्यांच्या आग्रहाची. प्रत्येक तालुक्याने आपल्या चाली टिपाव्या, रचणाऱ्याचे नाव त्याखाली घालावे, आणि व्याख्यानमालेसारख्या उत्सवात एक सायंकाळ केवळ नव्या रचनांसाठी राखावी. वर्षाआड तीच रचना पुन्हा मागून घ्यावी. दुसऱ्यांदा मागितली गेलेली चीजच पुढच्या पिढीकडे जाते, असे इतिहास सांगतो. आणि ती मागणी करणे हे गवयाचे काम नव्हे, ते आपणा श्रोत्यांचे आहे.