सी पाइन्स
अमेरिकेतील साउथ कॅरोलायना राज्यात, हिल्टन हेड बेटाच्या दक्षिण टोकाला वसवलेली उच्चभ्रू सागरी निवासी व पर्यटन वसाहत. क्षेत्र सु. ५,००० एकर. अटलांटिक किनाऱ्यावरील अशा नियोजित वसाहतींचा हा आद्य नमुना मानला जातो.

पूर्वेतिहास : यादवी युद्धापूर्वी बेटावर गुलामांच्या श्रमावर चालणारे कापसाचे मळे होते. १८६१ मध्ये उत्तरेच्या फौजांनी बेट घेतले आणि पुढच्याच वर्षी मिचेलव्हिल ही मुक्त गुलामांची वसाहत उभी राहिली. त्यांचे वंशज, म्हणजे गला लोक, पुढे शेती व मासेमारीवर गुजराण करीत राहिले. १९५० च्या सुमारास जॉर्जियातील लाकूड व्यापाऱ्यांनी बेटावरील बरीच जमीन घेतली. १९५६ मध्ये पूल झाला आणि बेट मोटाररस्त्याने मुख्य भूमीशी जोडले गेले.

नियोजन : या व्यापाऱ्यांपैकी एकाचा मुलगा चार्ल्स फ्रेझर (१९२९–२००२) येल विद्यापीठातून कायदा शिकून आला होता. त्याने दक्षिणेकडची जमीन हाती घेतली व हिदेओ ससाकी या भूदृश्यरचनाकाराच्या साहाय्याने आराखडा केला. किनाऱ्याला समांतर रस्ता काढून त्यावर घरांची रांग लावण्याची रीत त्यांनी टाळली. मुख्य रस्ता आत ठेवून समुद्राकडे बंद गल्ल्या काढल्या आणि मधूनमधून पायवाटा सोडल्या. त्यामुळे मागच्या भूखंडधारकालाही चालत वाळूवर जाता येई आणि त्याच्या भूखंडालाही चांगला भाव येई.

फ्रेझरची खरी हुकमत खरेदीखतांत होती. घराचा नकाशा मंजूर करून घेणे, झाड तोडण्यापूर्वी परवानगी घेणे, भडक रंग टाळणे अशा अटी खतात घातलेल्या असत. त्या जमिनीला चिकटलेल्या असल्याने पुढच्या खरेदीदारालाही बंधनकारक राहत. सु. ६०० एकर वन राखीव ठेवण्यात आले, सु. ४,००० वर्षांपूर्वीचे शिंपल्यांचे वर्तुळाकार अवशेष त्यातच आहेत.

हार्बर टाउन : नौकातळ, दुकाने व सदनिकांचे हे केंद्र. पीट डाय व जॅक निक्लॉस यांनी आखलेल्या येथील गोल्फ मैदानावर १९६९ ची पहिली हेरिटेज स्पर्धा अर्नोल्ड पामरने जिंकली. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे, सु. २७ मी. उंचीचे दीपगृह १९७० मध्ये पुरे झाले. ते फ्रेझरने खासगीरीत्या बांधले असल्याने सुरुवातीला त्याची थट्टा झाली. पुढे तेच बेटाचे बोधचिन्ह ठरले. बंदर खोदताना एक जुना ओक वाचवण्यासाठी काठाच्या भिंतीला वळण देण्यात आले. फ्रेझरची समाधी त्याच झाडाखाली आहे.

परिणाम : जमिनीचे भाव चढले तसा गला कुटुंबांवरील कराचा बोजा वाढला. त्यांच्या बऱ्याच जमिनी वाटणी न झालेल्या, सामाईक वारशाच्या होत्या. एखाद्या वारसाने हिस्सा विकला की नवा मालक वाटणीचा दावा लावी आणि अखेर सगळी जमीन लिलावात निघू शके. वसाहतीच्या प्रवेशद्वारावर बाहेरच्या वाहनांकडून शुल्क घेतात. गला लोकांची जुनी ब्रॅडॉक पॉइंट दफनभूमी मात्र याच द्वाराच्या आत, हार्बर टाउनच्या घरांना लागून आहे.

दोन्ही बाजूंचे हितसंबंध एकदा जुळलेही. १९६९ मध्ये बीएएसएफ या जर्मन कंपनीने जवळच्या खाडीकाठी रसायन कारखान्याचा बेत जाहीर केला, तेव्हा गला कोळंबीमार आणि वसाहतींचे विकासक एकत्र येऊन लढले. १९७१ मध्ये कंपनीने माघार घेतली.

१९८३ मध्ये हिल्टन हेड हे स्वतंत्र नगर झाले. वृक्षरक्षण आणि इमारतींच्या रंगरूपावरील नियंत्रण या फ्रेझरच्या खतांतील कल्पना नगराच्या नियमांतही उतरल्या. गला संस्कृतीच्या जतनासाठी अमेरिकन काँग्रेसने २००६ मध्ये नॉर्थ कॅरोलायना ते फ्लॉरिडा असा वारसापट्टा स्थापन केला; हिल्टन हेड त्यातच येते.