दातांची चकली

मंडळी, आज फार जुनी गोष्ट सांगणार आहे. शिवकालापेक्षा, मोहेंजोदडोपेक्षा, खुद्द माणसापेक्षाही जुनी. सुमारे २७ ते २९ कोटी वर्षांपूर्वी समुद्रात हेलिकोप्रियॉन नावाचा एक मोठा मासा होता. ग्रीक नाव आहे, अर्थ 'वळणावळणाची करवत'. पण माझा जीव अडकला तो माशात नव्हे, तर त्याचे दात नेमके कुठे होते यावरून विद्वानांनी शंभरावर वर्षे जो खल केला त्यात.

शार्कप्रमाणे याचाही सांगाडा कूर्चेचा, म्हणजे आपल्या कानाच्या पाळीला जो ताठपणा असतो तशा पदार्थाचा. ही कूर्चा सहसा कुजून जाते, दात तेवढे दगडात उरतात. आणि दात तरी कसे? एकापुढे एक, चकलीसारखे गोल गोल गुंडाळलेले! लांबून पाहिले तर देवघरातला शालिग्राम फुटून आतली वळणे दिसावीत तसे.

रशियन भूवैज्ञानिक अलेक्सांदर कार्पिन्स्की यांच्यापुढे उरल पर्वताजवळच्या क्रास्नोऊफिम्स्क इथली अशी चकली आली आणि १८९९ साली त्यांनी तिला नाव दिले. ही माशाची आहे हे त्यांनी ओळखले. पण बसवायची कुठे? त्यांनी चित्र काढले त्यात ती नाकाडावर, वरच्या जबड्यातून बाहेर वर वळलेली होती, हत्तीने सोंड उंचावावी तशी. लोकांना ते पटेना. मग कुणी ती पाठीच्या परावर चढवली, कुणी शेपटीला लावली. पुढे स्वतः कार्पिन्स्कींनीही ती पाठीकडे नेऊन पाहिली. एखाद्या पोराने चित्रातल्या गाढवाला डोळे बांधून शेपूट लावावी तसा हा प्रकार वाटतो खरा, पण हसू नये. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. तुटक्या ताम्रपटाचा एकच तुकडा हाती असला की कोणता राजा, कोणते गाव, हे असेच लावून पाहावे लागते. लावून पाहिल्याशिवाय बसत नाही हे तरी कसे कळणार?

जाता जाता या कार्पिन्स्कींविषयी. १९१७ साली, क्रांतीच्या त्याच वर्षी, रशियन विज्ञान अकादमीने त्यांना अध्यक्ष निवडले. झार गेला, लेनिन आला आणि गेला, स्टालिन आला, आणि हे गृहस्थ १९३६ साली वारेपर्यंत त्याच खुर्चीवर होते. त्यांच्या अस्थी क्रेमलिनच्या भिंतीत आहेत. एवढी उलथापालथ पाहिली, पण आपल्या माशाचे तोंड काही त्यांना पाहायला मिळाले नाही.

ते तोंड सापडले अमेरिकेत. आयडाहो राज्यात खतासाठी फॉस्फेटच्या खाणी आहेत. तिथे १९५० साली एक दगड मिळाला, त्यात चकलीबरोबर कूर्चाही टिकून राहिली होती. बेंडिक्स-आल्मग्रेन या डॅनिश संशोधकाने १९६६ साली त्याचे वर्णन केले आणि चकली खालच्या जबड्यात, बरोबर मध्यभागी बसवली. निकाल खरे तर तिथेच लागायला हवा होता. पण दगड दगडच. आतले दिसत नव्हते, त्यामुळे चित्रकारांची चकली हनुवटीच्या टोकाला लोंबत राहिली, कधी घशात गेली.

शेवटी त्याच दगडाचा सीटी स्कॅन झाला. होय, आपण पाठ धरली की डॉक्टर लिहून देतात तोच! लीफ टपानिला आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली निष्कर्ष छापले. दगडाच्या आत दोन्ही जबडे होते. चकलीने खालचा जबडा पार भरून टाकलेला, वरती तिच्या जोडीची दुसरी चकली नाही. या एका माशाला ११७ दात होते. नवा दात मागे उगवायचा आणि जुन्याला पुढे सरकवायचा. शार्कचे जुने दात गळून पडतात, याचे गळत नसत, ते गुंडाळीच्या आत जात. म्हणजे मध्यावर असत ते बाळपणीचे चिमुकले दात, जन्मभर जपलेले. (कवळी पेल्यात ठेवून झोपणाऱ्या माझ्यासारख्याला हेवा वाटणारच.) जबडा मिटला की पुढचे दात भक्ष्य पकडत, मधले कापत, मागचे घशाकडे लोटत. दात फारसे झिजलेले नसतात, त्यावरून माखलीसारखे मऊ अंगाचे जीव तो खात असावा असे मानतात.

आणखी एक गंमत. दिसायला शार्क, सारे जग त्याला शार्कच म्हणत आले, पण त्याच स्कॅनमधल्या जबड्याच्या ठेवणीवरून तो कायमेरा नावाच्या, खोल समुद्रात आजही असलेल्या माशांच्या गोतातला निघाला.

तोंडाचे कोडे तर सुटले. धडाचा मात्र अजून एकही तुकडा मिळालेला नाही. पुस्तकांत वीस-पंचवीस फुटी मासा पर पसरून पोहताना दिसतो ना, त्यातले गळ्यामागचे सगळे त्याच्या भाऊबंदांवरून काढलेले आहे.